आधी ओहम मोजा

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी फिरलं की स्पीकरांचे ढीग दिसतात. बंद पडलेल्या टीव्हीतले लांबट, गाडीच्या दारातले गोल, होम थिएटरच्या संचातून एकटेच उरलेले डबे. माझ्या खोलीत आज वाजणारे चार स्पीकर असेच गोळा झालेत: दोन गाडीतले, सहा इंची, ४ ओहमचे, दोन टीव्हीतले, ८ ओहमचे. ते जोडताना मला भरपूर सल्ले मिळाले. सल्ले देणारी माणसं प्रेमळ आणि अनुभवी होती, तरी त्यांतले बरेच सल्ले चुकीचे निघाले. हाच छंद लागलेल्यांना ते पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात, म्हणून हे लिहितो आहे.

पहिला आणि सर्वांत जास्त ऐकू येणारा: बेजोड स्पीकर एकत्र वाजतच नाहीत. वाजतात. दुकानातल्या महागड्या डब्यातही वूफर आणि ट्विटर एकमेकांसारखे नसतातच. त्यांनी कामं वाटून घेतलेली असतात. बेजोडपणा खटकतो तो डाव्या-उजव्या बाजूंत. डावीकडे गाडीचा आणि उजवीकडे टीव्हीचा स्पीकर लावला, की मधोमध उभा असायला हवा तो गायक एका बाजूला सरकतो, आणि वरचा सूर लागला की दुसरीकडेच जातो. म्हणून जोडी फोडू नये. जोडी मिळालीच नाही तर सरळ मोनो करावं. ७८ आरपीएमच्या जवळपास साऱ्या जुन्या तबकड्या मोनोच होत्या, त्यांचं काही बिघडत नाही. फक्त अॅम्प्लिफायरकडे येणारी डावी-उजवी तार थेट एकत्र पिळू नका. दोन्हींत एकेक किलोओहमचा रेझिस्टर घालून मग जोडा.

दुसरा गैरसमज वॅटचा. स्पीकरच्या मागे ‘५० वॅट’ छापलेलं असतं आणि घेणारा खूश होतो. तो आकडा स्पीकर किती मोठा वाजेल हे सांगत नाही. कॉइल किती ताप सोसेल एवढंच सांगतो. आवाज ठरतो संवेदनशीलतेवर, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात त्यावर. एक स्पीकर ८४ डेसिबलचा आणि दुसरा ९० चा असेल, तर पहिल्याला दुसऱ्याइतकं वाजायला चौपट वॅट लागतात, कारण दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट करावी लागते. भंगारातल्या मालावर हा आकडा छापलेला नसतो, तो कानानेच ओळखायचा. पीएमपीओचे हजारांतले आकडे तर सोडूनच द्या. अॅडॉप्टर १२ व्होल्ट, २ अँपिअरचा असेल तर आत २४ वॅट जातात. बाहेर त्याहून कमीच येणार.

आता ओहम. सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबू या.

‘स्पीकर वाढवले की आवाज वाढतो’ या समजुतीपायी लोक एकाच आउटपुटला एकामागून एक स्पीकर समांतर जोडत जातात. ४ आणि ८ ओहम समांतर जोडले की अॅम्प्लिफायरला दिसतात सुमारे २.७ ओहम. त्यात आणखी एक ४ ओहमचा घातला की उरतात १.६. टीडीए २०३० सारखी अॅम्प्लिफायरची आयसी ४ ओहमवर सुमारे १४ वॅट देते. त्याखाली उतरलं की ती तापते आणि तिच्यातलं संरक्षण जागं होतं. आवाज तुटतो, बंद पडतो, निवल्यावर पुन्हा येतो. बिघाड काही नसतो, तरी माणूस अॅम्प्लिफायरचा बोर्ड बदलत बसतो.

शक्तीची वाटणीही मनासारखी होत नाही. समांतर जोडणीत ४ ओहमचा दोन तृतीयांश शक्ती घेतो. तेच दोन स्पीकर एकसर जोडले, तर एकूण १२ ओहम होतात आणि दोन तृतीयांश शक्ती ८ ओहमच्या वाट्याला जाते. स्पीकर तेच, बोलका मात्र बदलला. शिवाय हे ओहम स्थिर नसतात: प्रत्येक स्पीकरच्या स्वतःच्या अनुनादाच्या वारंवारतेजवळ ते कित्येक पटींनी चढतात. बेजोड स्पीकर एकसर जोडले, तर एकाचा हा चढ-उतार दुसऱ्याच्या आवाजात उमटतो. एकसर जोडायचे तर एकाच जातीचे जोडा.

मल्टिमीटरने मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा साडेतीनच्या आसपास. तो खराब नाही. मीटर फक्त कॉइलच्या तारेचा रोध मोजतो. काहीच दाखवत नसेल तर मात्र कॉइल तुटली आहे.

या सगळ्यावर माझ्या मते एकच समाधानकारक उपाय आहे: प्रत्येक जोडीला वेगळा बोर्ड आणि वेगळा व्हॉल्यूम. बोर्ड स्वस्तात मिळतात. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर. ओहमचा प्रश्न मिटतो आणि संवेदनशीलतेतला फरक कानाने जुळवता येतो.

बोर्ड घेताना ‘काळी तार म्हणजे ग्राउंड’ हे विसरा. टीडीए ७२९७ किंवा पीएएम ८४०३ च्या बोर्डावर स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात. दोन्ही बाजूंच्या काळ्या तारा एकत्र केल्या किंवा पत्र्याच्या पेटीला लावल्या, की आयसी जाऊ शकते. टीडीए २०३० ची गंमत वेगळी: दुहेरी सप्लायवर तिच्या पाठीच्या पत्र्यावर ऋण व्होल्टेज असतं. पेटीलाच हीट सिंक करायचं असेल तर मध्ये अभ्रकाची चकती हवीच.

‘छोट्या अॅम्प्लिफायरने मोठा स्पीकर जळत नाही’ हेही अर्धंच खरं. व्हॉल्यूम पूर्ण पिळला की लाटेचे माथे कापले जातात, आणि पूर्ण चौकोनी झालेली लाट तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती वाहते. शिवाय कापलेल्या लाटेत वरचे स्वर वाढतात, ते थेट ट्विटरच्या बारीक कॉइलवर येतात. आवाज फाटू लागला की मागे या.

राहिला डबा. तो नुसता शोभेचा, असं समजून लोक स्पीकर उघडाच टेबलावर ठेवतात आणि ‘बेस नाही’ म्हणून टाकून देतात. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो. १०० हर्ट्झची लाट सुमारे ३.४ मीटर लांब. ती कडेवरून सहज वळते आणि मागची लाट पुढचीला खाऊन टाकते. माझे गाडीचे स्पीकर प्लायच्या बंद डब्यात बसवले आणि फटी फेव्हिकॉलने बुजवल्या, तेव्हा तबल्याचा बायाँ पहिल्यांदा नीट ऐकू आला. त्या दिवशी स्पीकर तोच होता, अॅम्प्लिफायर तोच होता.

टीव्हीच्या जोडीला खालचे स्वर झेपत नाहीत. तिच्या प्रत्येक स्पीकरच्या तारेत मी १०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर ऋणाला ऋण लावून जोडले. ते मिळून ५० मायक्रोफॅरड होतात, ध्रुव राहत नाही, आणि ८ ओहमवर सुमारे ४०० हर्ट्झखालचा आवाज हळूहळू गळतो. शेवटी, सगळे पडदे एकाच दिशेने हलावेत म्हणून, प्रत्येक स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. पडदा बाहेर आला तेव्हा सेलचं धन टोक ज्या टोकाला होतं, तिथे लाल खूण केली. गाडीच्या एका स्पीकरवर छापलेली खूण उलटी निघाली.