नागिणीचे तीन दिवस

मुरूड-श्रीवर्धनकडच्या एखाद्या नारळी-पोफळीच्या वाडीत वृद्धाच्या बरगडीवर जळजळणाऱ्या फोडांची ओळ उठली की घरात एकच शब्द उच्चारला जातो: नागीण. तिचे तोंड व शेपूट एकत्र आले की माणूस दगावतो, ही समजूत साऱ्या महाराष्ट्रात आहे. रायगडचा किनारा तिला अपवाद नाही. मग गेरूचा लेप लावणारा, मंत्र घालणारा जाणता शोधला जातो. फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात आणि श्रेय गेरूला मिळते.

वस्तुतः ही नागीण बहुधा बालपणापासूनच अंगात असते. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींत दडून राहतो. रक्तातील पांढऱ्या पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. वयोमानाने तो पहारा ढिला पडला की विषाणू पुन्हा डोके वर काढतो. इंग्लंडमधील सायरेन्सेस्टरचे डॉक्टर एडगर होप-सिम्प्सन यांनी १६ वर्षांतील १९२ रुग्णांच्या नोंदींवरून १९६५ साली हा सिद्धान्त मांडला. खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या डॉक्टरच्या वहीचे मोल त्यावरून कळावे! विषाणू एका मज्जातंतूच्या वाटेनेच त्वचेवर येत असल्याने फोड सहसा शरीराच्या एकाच बाजूस उठतात. तोंड-शेपटाची भीती म्हणूनच निराधार होय.

खरे भय निराळे आहे. वार्धक्यात प्रतिकार मंदावतो, दाह मात्र शमत नाही. इटलीचे क्लाउडिओ फ्रान्सेस्की यांनी २००० साली या धुमसत्या दाहाकडे जगाचे लक्ष वेधले. नागिणीत मज्जातंतूलाच इजा होते आणि फोड गेल्यावरही वेदना महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे छळते. वय जितके अधिक, तितका तिचा धोका मोठा. सदऱ्याचा स्पर्शही सोसवत नाही.

ॲसायक्लोव्हिरसारखी औषधे फोड उठल्यापासून ७२ तासांत सुरू व्हावी लागतात. घरात दोघेच म्हातारे, मुलगा मुंबईत. तो शनिवारी रेवस-मांडव्याला उतरेपर्यंत हे तीन दिवस गेरूखाली गेलेले असतात. पन्नाशीपुढील माणसांसाठी दोन मात्रांची लस भारतात २०२३ साली आली, तथापि निवृत्त शिक्षकाला ती सहज परवडणारी नाही. फोड कपाळावर वा नाकाच्या शेंड्यावर असतील, तर मात्र प्रश्न दृष्टीचा असतो. तेथे त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो.