भटकी कुत्री, ग्रामसभा आणि आपली करुणा

माहीममध्ये भटक्या कुत्र्यांचा विषय निघाला की आपण दोनच उपाय ऐकतो: ‘मारून टाका’ किंवा ‘लांब नेऊन सोडा’. कायद्याला दोन्ही मान्य नाहीत.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे. पालघर शहरात नगरपरिषदेची, आपल्याकडे ग्रामपंचायतीची. कुत्रे पकडायचे, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, कानाला खूण करायची आणि मूळ जागीच सोडायचे. कारण जागा रिकामी झाली की बाहेरची, लस न टोचलेली कुत्री तिथे येतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी हीच पद्धत कायम ठेवली. रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री मात्र परत सोडायची नाहीत.

सम्राट अशोकांनी माणसांसोबत जनावरांच्याही उपचारांची सोय केली. त्यांचे शिलालेख आपल्याच जिल्ह्यात, सोपाऱ्याला सापडले. पण करुणा म्हणजे फक्त बिस्किटे टाकणे नव्हे. पायी शाळेत जाणारे मूल, रात्रपाळीहून परतणारा कामगार यांची सुरक्षितताही त्यातच येते.

कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, लगेच सरकारी रुग्णालय गाठावे आणि लसीचे सर्व डोस घ्यावेत. मंत्र-तंत्र, हळद-मिरची नको. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रुग्ण क्वचितच वाचतो.

येत्या ग्रामसभेत आपण लेखी विचारू या: नसबंदी व लसीकरणासाठी तरतूद किती आणि काम कधी सुरू होणार? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेऊ या.

जय भीम!