पाच गोलांचा हिशेब

३० सप्टेंबर १९७५. कलकत्त्यात आयएफए शिल्डचा अंतिम सामना आणि निकाल ईस्ट बंगाल ५, मोहन बागान ०. या दोन संघांच्या शंभर वर्षांच्या वैरात याहून मोठ्या फरकाचा विजय आजवर नोंदलेला नाही. पाचव्याच मिनिटाला सुरजित सेनगुप्ताने सुरुवात केली, श्याम थापाने दोन गोल केले, रणजित मुखर्जी आणि शुभंकर सन्याल यांनी एकेक. शिवाय थापाने एक पेनल्टी वाया घालवली. ती आत गेली असती तर आकडा सहा झाला असता, हे ईस्ट बंगालवाले अजून ऐकवतात. पाच गोलांनी जिंकूनही एका हुकलेल्या पेनल्टीवर वाद घालायचा, याला कलकत्त्याचा फुटबॉलशौकीन म्हणतात.

एकतर्फी डर्बी संपली की खरा खेळ अड्ड्यावर सुरू होतो. कोण चमकला, कोण झोपला, कुणाला पुढच्या मोसमात ठेवायचं आणि कुणाला हाकलायचं, याचे निकाल त्याच रात्री लागतात. या निकालांचं पुढे काय झालं, हे पाहण्यासारखं आहे. गेल्या पन्नास वर्षांतल्या चार-पाच मोठ्या विजयांचा माग काढला, तर स्कोअर जसाच्या तसा उरलेला दिसतो. खेळाडूंवरचे शेरे मात्र बहुतेक खोडावे लागलेले आहेत.

आधी या वैराची कुंडली थोडक्यात. मोहन बागान १८८९चा. १९११ साली बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून शिल्ड जिंकली आणि क्लबचं नाव स्वातंत्र्याच्या आकांक्षेशी जोडलं गेलं. ईस्ट बंगाल १९२०चा. पूर्व बंगालातून आलेल्या माणसांचा हा क्लब फाळणीनंतर निर्वासितांच्या अभिमानाचं ठिकाण झाला. घटी (मूळचे पश्चिम बंगालचे) विरुद्ध बांगाल (पूर्वेकडून आलेले), कोळंबी विरुद्ध इलिश मासा, 'माचा' विरुद्ध 'लोटा' अशी चिडवाचिडवी त्यातून आली. अशा ठिकाणी पाच गोल खाणं म्हणजे घराण्याची अब्रू चव्हाट्यावर येणं.

त्या संध्याकाळी मोहन बागानच्या तंबूला चाहत्यांनी वेढा घातला. सुब्रत भट्टाचार्य, प्रसून बॅनर्जी यांच्यासारख्या खेळाडूंना गंगेतल्या होडीत लपून राहावं लागल्याचं सांगितलं जातं. एका तरुण समर्थकाने तर जीव दिला. पुढच्या जन्मी मोहन बागानचा खेळाडू होऊन या पराभवाचा बदला घेईन, असं तो लिहून गेला. खेळावरचं प्रेम कुठवर जाऊ द्यायचं हा प्रश्न तेव्हाही होता. पाच वर्षांनी, १६ ऑगस्ट १९८० रोजी, ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात सोळा प्रेक्षक दगावले तेव्हा त्या प्रश्नाकडे कुणालाच पाठ फिरवता आली नाही.

पाच गोलांचं खापर फुटलं ते गोलरक्षकावर. तरुण भास्कर गांगुलीने चार गोल खाल्ले, मग त्याला बाहेर काढून प्रशांत मित्रला उतरवण्यात आलं. अड्ड्यावरचा निकाल सरळ होता, पोरगा संपला. पुढच्या वर्षी भास्कर गेला कुठे, तर थेट ईस्ट बंगालमध्ये. ज्यांनी त्याच्या जाळ्यात चार वेळा चेंडू मारला, त्यांच्याच गोलपोस्टमध्ये तो उभा राहिला आणि देशातला अव्वल गोलरक्षक ठरला. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये भारताचा कर्णधार तोच होता. आणि त्या भारतीय संघाचे प्रशिक्षक होते पी. के. बॅनर्जी, म्हणजे १९७५ साली त्याच्यावर चार गोल लादणाऱ्या ईस्ट बंगालचे प्रशिक्षक.

खुद्द पीकेंची वाटचालही कमी मजेदार नाही. ईस्ट बंगालने १९७० ते १९७५ अशी सलग सहा वेळा कलकत्ता लीग जिंकली, त्यातल्या शेवटच्या वर्षांचे शिल्पकार पीके. शिल्डचा तो विजय म्हणजे त्यांच्या शिरपेचातला तुरा. १९७६ साली ते मोहन बागानमध्ये गेले. त्या वर्षीच्या लीगमधल्या डर्बीत हैदराबादच्या महंमद अकबरने सतराव्या सेकंदाला गोल केला, तेवढ्यावर मोहन बागानने सामना जिंकला आणि ईस्ट बंगालची सहा वर्षांची सद्दी संपली. पाच गोलांचा आनंद वर्षभरसुद्धा पुरला नाही.

थापाचं तर विचारूच नका. १९७५च्या रात्री ईस्ट बंगालवाल्यांनी डोक्यावर घेऊन नाचवलेला हा खेळाडू १९७७ साली मोहन बागानमध्ये आला. १९७८च्या लीग डर्बीत गोलकडे पाठ करून त्याने हवेत मारलेली बायसिकल किक आजही बंगाली फुटबॉलच्या आठवणींत पहिल्या ओळीत असते, आणि ती आहे ईस्ट बंगालविरुद्धची. १९७५च्या त्याच ईस्ट बंगालच्या मधल्या फळीतला गौतम सरकार २४ सप्टेंबर १९७७ रोजी ईडनवर पेलेच्या कॉसमॉसविरुद्ध मोहन बागानच्या जर्सीत पेलेच्या मागावर होता. तो सामना २-२ असा सुटला. पाच-शून्याच्या दिवशी मात्र गौतम किंवा समरेश चौधरी यांची नावं गोल करणाऱ्यांच्या यादीत नव्हती. मधली फळी जिंकून देते आणि आघाडीवीर छापून येतो, हा या खेळाचा जुना अन्याय आहे.

हरलेल्यांतला सुब्रत भट्टाचार्य मात्र कुठेच गेला नाही. पाच गोल खाल्लेल्या बचावफळीचा हा खांब पुढे पंधरा वर्षं फक्त मोहन बागानसाठीच खेळला आणि नंतर प्रशिक्षक म्हणून त्याने क्लबला १९९९-२००० आणि २००१-०२ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली. होडीत लपलेला खेळाडू त्या क्लबचा चेहरा झाला.

१९९७ साली हेच नाटक मोठ्या रंगमंचावर झालं. १३ जुलै, फेडरेशन कपची उपांत्य फेरी, सॉल्ट लेक स्टेडियममध्ये एक लाख एकतीस हजारांहून जास्त माणसं. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त आपल्या 'डायमंड' रचनेवर खूश होते. उपांत्यपूर्व सामन्यात त्यांच्या संघाने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला ६-० असं धुतलं होतं. सामन्याआधी त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची टिंगल केली. भायचुंगचा 'चुंगचुंग', ओमोलोचा 'आम्लेट'. समोरच्या बाकावर पुन्हा पीके होते, आता ईस्ट बंगालचे. त्यांनी काय केलं असेल हे सांगायला नको. संघाच्या खोलीत ते शब्द पुरेसे होते. ईस्ट बंगाल ४-१ जिंकला, भायचुंग भुतियाने हॅट्ट्रिक केली आणि डायमंडचा कोळसा झाल्याच्या कोट्या शहरभर झाल्या.

या निकालाचं पुढचं पान गोव्याने लिहिलं. अंतिम सामन्यात साळगावकरने ईस्ट बंगालला २-१ हरवून कप नेला. आणि ज्यांची सगळ्यांनी थट्टा केली होती त्या मोहन बागानने त्याच मोसमात १९९७-९८ची राष्ट्रीय लीग जिंकली; प्रशिक्षक बदलले होते, टी. के. चातुण्णी आले होते, पण संघ बराचसा तोच. एका रात्रीत बाद ठरवलेली माणसं काही महिन्यांत देशाची विजेती झाली. भायचुंगही पुढे मोहन बागानकडून खेळला, परत ईस्ट बंगालला आला, पुन्हा मोहन बागानला गेला.

मोहन बागानच्या समर्थकांनी पाच गोलांची परतफेड मानली ती २५ ऑक्टोबर २००९ची, आय-लीगमधली ५-३. नायजेरियाच्या एडे चिडीने एकट्याने चार गोल केले. खरं तर तीन गोल खाल्लेल्या संघाने परतफेडीची भाषा बोलावी का, यावरही वाद झडू शकतो, पण पाचाचा आकडा गाठला म्हणून समाधान. मग चिडी गोव्याला साळगावकरकडे गेला आणि २०१२ साली ईस्ट बंगालच्या लाल-पिवळ्या जर्सीत कलकत्त्याला परतला. २०१३ साली एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलेल्या ईस्ट बंगालमध्ये तो होता.

सप्टेंबर २०१५मध्ये ईस्ट बंगालने कलकत्ता लीगमध्ये मोहन बागानला ४-० हरवलं. चर्चा सगळी कोरियन दो दाँग-ह्युनच्या फ्री किकची. त्या ईस्ट बंगाल संघात मुंबईचा राहुल भेके हा बचावपटूही होता, त्याच्यावर कुणी फारशी शाई खर्च केली नाही. त्याने १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत एफसी गोवाविरुद्ध जादा वेळेत गोल करून बेंगळुरूला इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकून दिली. ४ मे २०२४ रोजी सॉल्ट लेकवर, मोहन बागानच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, मुंबई सिटीने त्यांच्याविरुद्ध ३-१ असा आयएसएलचा अंतिम सामना जिंकला तेव्हा मुंबईचा कर्णधार भेकेच होता.

कोविडने ही डर्बी चक्क गोव्यात आणली. २७ नोव्हेंबर २०२१, वास्कोचं टिळक मैदान, रिकाम्या खुर्च्या. ईस्ट बंगालचा कर्णधार आणि गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य. हा आदल्या मोसमात याच मोहन बागानकडून सर्वोत्तम गोलरक्षकाचा 'गोल्डन ग्लोव्ह' जिंकलेला. पण मार्च २०२१च्या आयएसएलच्या अंतिम सामन्यात मुंबई सिटीविरुद्ध अखेरच्या मिनिटांत पुढे येऊन चेंडू नीट दूर करता आला नाही, बिपिन सिंगने गोल केला आणि कप मुंबईला गेला. मोहन बागानने त्या मुंबईच्याच अमरिंदर सिंगला आणलं, अरिंदम पलीकडे गेला.

टिळक मैदानावर बाराव्या मिनिटाला रॉय कृष्णाने पहिला गोल केला, चौदाव्याला मनवीर सिंगने जवळच्या खांबाकडून दुसरा. तेविसाव्या मिनिटाला लांबून आलेला चेंडू. अरिंदम गोल सोडून धावत पुढे येतो, अंदाज चुकतो, चेंडू हातून निसटतो आणि मडगावजवळच्या दवर्ली गावचा लिस्टन कोलासो रिकाम्या जाळ्यात तो ढकलतो. तेहेतिसाव्या मिनिटाला अरिंदम बाहेर, बदली गोलरक्षक शुभम सेन आत. सेहेचाळीस वर्षांपूर्वीच्या भास्कर गांगुलीची आठवण यावी असं दृश्य. उरलेल्या तासाभरात शुभमच्या अंगावर हल्ले झाले, पण मोहन बागानला चौथा गोल करता आला नाही. सामना ३-०.

मोहन बागानकडे सगळं आलबेल आहे, प्रशिक्षक अँटोनिओ हबास यांची रचना अचूक आहे, हा अड्ड्यावरचा निष्कर्ष. चारच दिवसांनी, १ डिसेंबरला, फातोर्ड्यावर मुंबई सिटीने याच मोहन बागानला ५-१ ने झोडपलं. गोलमध्ये अमरिंदर, समोर त्याचा जुना क्लब. डिसेंबर संपायच्या आत हबास यांची गच्छंती झाली आणि एफसी गोवाचे हुआन फेरांदो त्यांच्या जागी आले.

फेरांदोंच्या हाताखाली २९ जानेवारी २०२२ रोजी फातोर्ड्यावर पुढची डर्बी झाली. ईस्ट बंगाल आघाडीवर असताना बदली म्हणून उतरलेल्या किआन नासिरीने तीन गोल केले, त्यातले दोन भरपाईच्या वेळेत. सामना ३-१. हा जमशिद नासिरींचा मुलगा, म्हणजे ऐंशीच्या दशकात ईस्ट बंगालच्या चाहत्यांनी डोक्यावर घेतलेल्या इराणी आघाडीवीराचा. बाप एका बाजूचा लाडका, पोराने त्याच बाजूवर हॅट्ट्रिक केली. नवा तारा उगवल्याची ग्वाही त्या रात्री सगळ्यांनी दिली. पण पुढच्या मोसमांत किआनला पहिल्या अकरांत कायमची जागा मिळाली नाही आणि २०२४ साली तो चेन्नईयिनकडे गेला.

पुण्या-मुंबईतली आजची पोरं हे वाद लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडवरून घालतात. त्यांच्यासाठीही एक दाखला आहे. ५ मार्च २०२३ रोजी अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलने युनायटेडला ७-० चिरडलं. गाकपो, नुन्येस, सालाह यांचे दोन-दोन आणि फिर्मिनोचा एक. मोसम संपला तेव्हा युनायटेड तिसरं होतं आणि लिव्हरपूल पाचवं. सात गोल खाणाऱ्या डेविड डे हेआने त्याच मोसमात सर्वाधिक सामन्यांत एकही गोल न खाल्ल्याबद्दल 'गोल्डन ग्लोव्ह' घेतला.

एकतर्फी सामना खेळाडूची पारख करायला सगळ्यात वाईट सामना असतो. दोन गोल पडले की हरणारा संघ बरोबरीसाठी पुढे सरकतो, मागे मोकळी जागा पडते, आणि तिसरा-चौथा गोल पहिल्या दोन गोलांचा हप्ता म्हणून येतो. तो वसूल होतो गोलरक्षकाच्या खात्यातून, कारण शेवटचा माणूस तो. जिंकणाऱ्या आघाडीवीराला मोकळं मैदान मिळतं, म्हणून तो असतो त्याहून मोठा दिसतो. ज्याने मधल्या फळीत चेंडू हिसकावून पहिला गोल घडवला, त्याचं नाव रात्रीच्या वादात येतच नाही.

वाद घालू नका असं कुणी म्हणणार नाही. अड्ड्याशिवाय डर्बीला काय चव? पण पुढची डर्बी तीन-चार गोलांनी सुटली, तर गोल करणाऱ्याच्या आधी पहिला पास कुणी दिला ते शोधा, आणि चुकलेल्या गोलरक्षकाला लगेच भंगारात काढू नका. निदान पुढचा सामना होऊ द्या.