जुन्या दगडी वाड्यांच्या भिंती व त्यांचा गिलावा

इतिहाससंशोधक जुन्या वाड्यांत शिरतो तो बहुधा दप्तराच्या शोधांत. दप्तर न मिळाल्यास शिलालेख, देव्हारा, लांकडावरील कोरीव काम यांकडे त्याची दृष्टि वळते. ज्या भिंतींनीं हें सर्व सांभाळलें त्यांच्या अंगावरील गिलाव्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. अलीकडे कित्येक वाड्यांची दुरुस्ती सिमेंटानें झालेली आम्हीं पाहिली, व त्यांतील कांहींची अवस्था पूर्वीपेक्षां वाईट झालेलीहि पाहिली. यास्तव कोणत्या भिंतीस कोणता गिलावा योग्य, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

प्रथम भिंतीची घडण पाहिली पाहिजे. देशावरील वाड्याची भिंत बाहेरून एकसंध काळ्या पाषाणाची दिसते. पण बहुधा ती तशी नसते. आंतून व बाहेरून दगड रचून मधल्या पोकळींत बारीक दगड, माती व क्वचित् चुना यांची भर घातलेली असते. काळा पाषाण पाणी फारसें शोषीत नाहीं; सांधे व भर मात्र शोषितात. पावसाळ्यांत जोत्याखालील जमिनींतून ओल वर चढते व पुढें कोरड्या दिवसांत सांध्यांवाटें उडून जाते. हा वार्षिक क्रम अबाधित राहिला तर भिंत शतकानुशतकें टिकते.

चुना या क्रमास अनुकूल आहे. चुनखडी भट्टींत सुमारें ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत भाजली म्हणजे तींतील कार्बन डायॉक्साइड वायु निघून जाऊन कळीचा चुना उरतो. तो पाण्यांत विझवून, वाळू किंवा विटांची सुरखी मिसळून घाणींत मळीत. अशा घाणींचे वर्तुळाकार चर व दगडी चाकें आपल्या किल्ल्यांवर आजहि दिसतात. भिंतीवर चढल्यावर हा चुना हवेंतील तोच वायु पुन्हा हळूहळू घेतो व घट्ट होतो. तथापि त्याचीं सूक्ष्म छिद्रें बुजत नाहींत आणि ओलीस बाहेर पडण्याची वाट राहते.

सिमेंटाचा धर्म याहून निराळा. पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्यानें १८२४ सालीं घेतलें. शनिवारवाड्याचा पाया १७३० चा, विश्रामबागवाडा १८०७ च्या सुमाराचा. अर्थात् या इमारती रचणारांस तें ठाऊकच नव्हतें. सिमेंटाचा थर मागील माती-चुन्याहून कठीण व घट्ट असतो. त्यानें बाहेरची वाट बंद झाली कीं ओल अधिक वर चढते किंवा घरांत उतरते. तिच्याबरोबर आलेले क्षार थरामागें साचून फुगतात, आणि अखेर गिलावा जुन्या दरजांसह पापुद्र्यानें सुटतो. याहून मोठा धोका दृष्टिआड असतो. वाड्याचा बराच भार भिंतींत दडविलेल्या लांकडी खांबांवर व तुळयांवर असतो. कोंडलेल्या ओलीनें तें लांकूड आंतल्या आंत कुजतें. पुढें एखाद्या पावसाळ्यांत वाडा बसला म्हणजे दोष त्याच्या वयास दिला जातो!

तात्पर्य, गिलावा भिंतीहून मऊ असावा. झिजावयाचें तर त्यानें झिजावें, भिंतीनें नव्हे. या नियमास अनुसरून निवड पुढीलप्रमाणें करावी. घडीव दगडाच्या भिंतीस गिलाव्याची गरज नाहीं. उकललेल्या दरजा तेवढ्या चुन्यानें भराव्या. ओबडधोबड दगडाच्या भिंतीस बाहेरून सुरखीमिश्रित चुन्याचा गिलावा व त्यावर सफेदी द्यावी. आंतून मातीचा लेपहि चालतो. पावसाचा मार नसल्यास माती किती टिकते याची साक्ष अजिंठ्याचीं लेणीं देतात. तेथील चित्रें भुसा व तंतु मिसळलेल्या मातीच्या लेपावर चुन्याचा पातळ हात देऊन काढलेलीं आहेत. वरच्या मजल्यावरील विटांच्या भिंतीस बारीक, घोटलेला चुना शोभतो. तेलरंग व प्लास्टिकचे रंग सर्वत्र वर्ज्य समजावे, कारण तेहि ओल कोंडतात.

भिंतीस लोणा लागला असेल तर त्यावर नवा गिलावा चढवूं नये. आधीं ओलीचें मूळ शोधावें. पुष्कळदां तें भिंतींत नसतेंच. पन्हळ फुटलेली असते, मोरीचें पाणी मुरत असतें, किंवा रस्त्यावर थरांवर थर पडून जोतें जमिनींत गेलेलें असतें.

शेवटीं संशोधकांस एक विनंति. जुना गिलावा हाहि एक कागदच आहे. सफेदीच्या थरांखालीं चित्रें असूं शकतात. मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यांत भिंतींवर चित्रें आहेत हें सर्वश्रुत आहे. म्हणून गिलावा खरवडण्यापूर्वीं एका कोपऱ्यांत थरामागून थर हलक्या हातानें उकलून पाहावा, छायाचित्र घ्यावें, मोजमाप टिपावें आणि एक तुकडा जपून ठेवावा. दप्तर जळालें तर त्याची नक्कल कदाचित् अन्यत्र सांपडेल. खरवडलेल्या भिंतीची नक्कल कोठेंच नसते.