डोकेदुखी, जपानी सुई आणि बघणारी बोटं

सबमिशनचा आठवडा आला की होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर कोणीतरी कपाळाला ओढणी आवळून बसलेली दिसते. मग "गोळी आहे का गं?" अशी हाक, आणि कोणाच्या तरी ड्रॉवरमधून स्ट्रिप निघते. पण डोकेदुखीवरची गोळी महिन्यातून दहा-पंधरा दिवस, आणि असे काही महिने घेत राहिलं, तर त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. ही खरीखुरी, पुस्तकात नाव असलेली व्याधी आहे. म्हणून गोळीशिवाय काय चालतं ते मी शोधत होते, आणि जपानी अ‍ॅक्युपंक्चर सापडलं.

अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे चीन, हे आपलं समीकरण. ते तिथूनच जपानला गेलं हे खरं, पण जपानमध्ये त्याला वेगळं वळण दिलं एका अंध माणसाने. त्याचं नाव सुगियामा वाइची (१६१०-१६९४). दंतकथा अशी की गुरूने "तुला जमणार नाही" म्हणून घालवून दिलं, तेव्हा तो एनोशिमा बेटावर बेन्झाइतेन देवीच्या गुहेत उपास करत बसला. (ही बेन्झाइतेन म्हणजे आपलीच सरस्वती बरं का, बौद्ध धर्माबरोबर जपानला पोचलेली.) परतताना तो दगडाला अडखळून पडला आणि हाताला लागली पानाच्या सुरळीत अडकलेली पाइनची सुई. त्यावरून त्याला नळीतून सुई टोचायची कल्पना सुचली म्हणतात.

दंतकथा बाजूला ठेवा, नळी मात्र अस्सल इंजिनिअरिंग आहे. जपानी सुया फार बारीक, ०.१६ मिलिमीटर ही नेहमीची. चिनी पद्धतीत ०.२५ किंवा त्याहून जाड वापरतात. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्समधला ऑयलरचा कॉलम आठवा: बकलिंग लोड व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून. म्हणजे ०.२५ वरून ०.१६ वर आलो की सुईची ताकद जवळजवळ एक षष्ठांश! हाताने ढकलली तर वाकणारच. नळी तिला बाजूने आधार देते, वर काही मिलिमीटर टोक उरतं, त्यावर बोटाने हलकेच टिचकी मारायची. सुई कातडीत जाते आणि पेशंटला बहुधा कळतही नाही. ही नळी आता जगभर वापरतात.

सुगियामाला पुढे शोगुन त्सुनायोशीचा आश्रय मिळाला आणि अंधांना ही विद्या शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. जिभेचा रंग, चेहऱ्याची छटा हे ज्याला दिसतच नाही, तो निदान करणार कशाने? बोटांनी! जपानी पद्धतीत स्पर्शाला एवढं महत्त्व येण्यामागे हे एक मोठं कारण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन प्रशासन ही विद्या बंद करायला निघालं होतं. कित्येक अंध लोकांची भाकरी त्यावर होती, जोरदार विरोध झाला, आणि १९४७ साली बंदीऐवजी परवान्याचा कायदा आला. अंधशाळांमधून ती आजही शिकवतात.

डोकं दुखतंय म्हणून गेलात तर डोक्याला हात सगळ्यात शेवटी. आधी दोन्ही मनगटांची नाडी, मग उताणं झोपवून पोट चाचपणं: कुठे कडक, कुठे थंड, कुठे दाबलं की दुखतं. मग हातापायांवरून हलकेच बोटं फिरवायची आणि शेवटी मान, खांदे. नकाशात बिंदू अमुक ठिकाणी असला तरी बोटांना जिथे गाठ किंवा पोकळ लागेल तिथेच सुई, तीही बऱ्याचदा दोन-तीन मिलिमीटरच. काही जण तर टोचतही नाहीत, नुसती टेकवतात. टोचून झालं की तीच जागा परत दाबून बघायची, फरक नसेल तर बिंदू बदलायचा. आपल्या भाषेत क्लोज्ड लूप.

नाडी आणि पोटाचं शास्त्र मला पटलेलं नाही, पण मानेचं पटतं. मानेच्या वरच्या मज्जातंतूंचे आणि चेहऱ्या-कपाळाच्या मज्जातंतूचे संदेश मेंदूच्या खालच्या भागात एकाच जंक्शनवर येतात. त्यामुळे मान आखडली की कपाळ ठणकतं.

आता पुरावा. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात मायग्रेनवरच्या २२ चाचण्या होत्या. सुया घेणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांची डोकेदुखी निम्म्यावर आली, न घेणाऱ्यांत १७ टक्क्यांची. छान ना? पण खोट्या सुयांशी तुलना केली तर ५० विरुद्ध ४१. फरक आहे, पण थोडासाच. आणि गंमत म्हणजे, 'खोटी' म्हणून बऱ्याचदा जी उथळ, हलकी सुई वापरतात, ती जपानी माणसाच्या लेखी चांगली खरी सुई! या चाचण्या मुख्यतः जपानी पद्धतीच्या नव्हत्या, तेव्हा तिचा निकाल यातून लागत नाही.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा जायचंच असेल तर नोंदणी विचारा आणि नवी सुई समोर फोडायला लावा. आणि एकदम वीज पडल्यासारखं डोकं दुखलं, तापासोबत मान ताठ झाली, बोलणं अडखळलं, किंवा डोक्याला मार लागल्यावर दुखायला लागलं, तर सुई, गोळी, बाम सगळं सोडून रेक्टरना उठवा आणि थेट हॉस्पिटल गाठा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.