राख, चंद्र आणि कुर्ल्याचे चाळीस दिवस

राखेच्या बुधवारी सकाळची मिस्सा आटोपून कुर्ल्याच्या होली क्रॉस चर्चमधून माणसं बाहेर पडतात, तेव्हा प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा छोटासा क्रूस असतो. कोणी तिथून शाळेत जातं, कोणी रिक्षाने स्टेशन गाठून सीएसएमटीची लोकल पकडतं. त्या राखेचा जन्म मात्र आदल्या वर्षीचा असतो.

इस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, चर्चमध्ये आशीर्वादित झावळ्या वाटतात. येशू यरुशलेममध्ये आला तेव्हा लोकांनी अशाच झावळ्या हलवून त्याचं स्वागत केलं होतं. लोक त्या पात्या घरी नेतात, त्यांचे छोटे क्रूस विणतात आणि देव्हाऱ्यातल्या क्रुसामागे खोचून ठेवतात. वर्षभर त्या तिथेच वाळतात. पुढच्या वर्षी उपवासकाळ जवळ आला की चर्चमध्ये परत नेऊन देतात आणि तिथे त्या जाळल्या जातात. वाळलेली पात क्षणात पेट घेते आणि हातात जवळजवळ काहीच उरत नाही. टोपलीभर झावळ्यांची वाटीभर राख. ती कुटायची, बारीक चाळायची, काड्या काढून टाकायच्या. झाडपाल्याच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात, त्यामुळे जास्त पाणी घालून कालवली तर ती कपाळाला चुरचुरते. म्हणून कुठे ती कोरडीच लावतात, तर कुठे तेलाचा थेंब घालतात. ज्या पात्यांनी जयजयकार केला, त्यांचीच राख वर्षाने कपाळावर येते. आपण मातीचे आहोत आणि मातीतच जाणार आहोत, याची आठवण धर्मगुरू त्या वेळी करून देतो. जयजयकार आणि माती यांच्यामध्ये एका वर्षाचंच अंतर आहे, हे इतक्या साध्या कृतीतून सांगणारा दुसरा विधी मला माहीत नाही.

या राखेपासून उपवासकाळाचे चाळीस दिवस सुरू होतात. कॅलेंडर घेऊन बसलात तर हिशोब जुळणार नाही, कारण राखेच्या बुधवारपासून इस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत 46 दिवस भरतात. मधले सहा रविवार वजा करायचे. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास धरायचा नाही, असा फार जुना दंडक आहे. उरतात ते चाळीस. येशूने अरण्यात काढलेले चाळीस दिवस, सिनाय डोंगरावरचे मोशेचे चाळीस, होरेबच्या वाटेवरचे एलियाचे चाळीस, हे सगळे त्या आकड्यामागे उभे आहेत.

पण हा बुधवार दरवर्षी हलतो का आणि कसा? इथे चंद्र येतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे इस्टर. तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडू शकतो. तिथून 46 दिवस मागे आलं की राखेचा बुधवार. आता जरा पंचांग उघडा. इस्टर पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात, म्हणून राखेचा बुधवार त्याच्या आधीच्या एका अमावास्येच्या आसपास, सहसा शुद्ध पक्षाच्या सुरुवातीला पडतो. 2024 साली तो 14 फेब्रुवारीला होता आणि त्याच दिवशी वसंत पंचमी होती. 2025 साली 5 मार्च, फाल्गुन शुद्ध षष्ठी. 2026 साली 18 फेब्रुवारी, फाल्गुन शुद्ध प्रतिपदा, महाशिवरात्रीनंतर अवघ्या तीन दिवसांनी. त्या वर्षीची चैत्री पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती, 2 एप्रिलला आली. ख्रिस्ती दिनदर्शिकेत तो आज्ञा गुरुवार होता, शेवटच्या भोजनाचा दिवस. दुसऱ्या दिवशी शुभ शुक्रवार. येशूला अटक झाली ती वल्हांडण सणाच्या दिवसांत आणि ज्यूंचा तो सण पौर्णिमेचा. म्हणजे गेथशेमानेच्या बागेवर तेव्हा पूर्ण चंद्राचं चांदणं असणार. कुर्ल्यात आज्ञा गुरुवारच्या रात्री जागरणाला बसलेल्या माणसांच्या डोक्यावरही दरवर्षी जवळपास तेवढाच मोठा चंद्र असतो. ते पौर्णिमेच्या हिशोबाने तिथे बसलेले असतात, मग आठवण असो वा नसो.

कुर्ल्यात याच्याही पुढचं एक आश्चर्य दिसतं, आणि ते मुंबईच्या फार थोड्या भागांत इतकं उघड दिसत असेल. 2025 साली इथे रमजानचा पहिला रोजा 2 मार्चला होता आणि राखेचा बुधवार 5 मार्चला. 2026 साली 18 फेब्रुवारीला राख आणि 19 तारखेला पहिला रोजा. अनेकांनी याला सुंदर योगायोग म्हटलं. सुंदर तर आहेच, पण हा योगायोग नव्हे. रमजान नव्या चंद्रकोरीपासून सुरू होतो. राखेचा बुधवारही चंद्राच्या त्याच कलेशी बांधलेला आहे. त्यामुळे दोन्ही एकाच चांद्रमासात आले की साधारण एकाच आठवड्यात सुरू होणार, दुसरी वाटच नाही. फरक पुढे आहे. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. उपवासकाळाला मात्र सूर्याचा खुंटा आहे, तो वसंताच्या आसपासच राहतो. आपलं पंचांग अधिक महिना घालून तेच साधतं. तीन पद्धती, एकच चंद्र: मशिदीत कोर डोळ्यांनी पाहिली जाते, पंचांगकर्ता ती गणिताने काढतो आणि चर्च शतकांपूर्वी बांधलेल्या कोष्टकावर चालतं. एकाच रस्त्यावर संध्याकाळी इफ्तारच्या खजुरांच्या गाड्या लागलेल्या असतात आणि त्याच गर्दीतून माणसं चर्चकडे क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला चाललेली असतात.

या गावाला दोन कॅलेंडरांची सवय जुनी आहे. 1534 च्या वसईच्या तहाने साष्टीबरोबर कुर्लाही पोर्तुगिजांकडे गेलं. 1665 मध्ये मुंबई बेट इंग्रजांच्या हाती आलं आणि शीवची खाडी ही सरहद्द झाली. शीवच्या टेकडीवरचा किल्ला त्या सरहद्दीवर नजर ठेवायलाच बांधला होता. खाडीच्या कुर्ल्याच्या बाजूला पोपनं 1582 मध्ये सुधारलेलं कॅलेंडर, तर पलीकडे ईस्ट इंडिया कंपनीचे इंग्रज 1752 पर्यंत जुन्याच ज्युलियन कॅलेंडरला धरून. दोघांच्या तारखांत आधी दहा आणि 1700 नंतर अकरा दिवसांचं अंतर. त्यामुळे दोघांचा इस्टर कधी एकाच दिवशी येई, कधी आठवड्याच्या फरकाने, तर कधी महिन्याहून जास्त अंतराने. इकडे उपवास चालू आणि नावेने खाडी ओलांडली की तिकडच्या इंग्रजांचा अजून सुरूही झालेला नाही, असं प्रत्यक्षात घडू शकत होतं. 1737 मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, 1774 मध्ये ती इंग्रजांकडे गेली. राज्यं बदलली, पण इथल्या मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीचा उपवासकाळ चालू राहिला. पोर्तुगीज काळातलं होली क्रॉस चर्च 1848 साली पुन्हा बांधलं गेलं. चर्चचं नावच पवित्र क्रुसाचं, त्यामुळे वर्षातले हे सात आठवडे त्याचे स्वतःचे म्हणायला हरकत नाही.

नियम म्हणाल तर अगदी थोडे आहेत. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोन दिवशी उपास: एक पोटभर जेवण आणि दोन वेळा अगदी थोडं खाणं, तेही दोन्ही मिळून एका जेवणाएवढं व्हायचं नाही. हे 18 वर्षं पूर्ण झालेल्यांपासून साठीत पाऊल टाकेपर्यंतच्यांना. चौदा पूर्ण केलेल्या सर्वांना त्या दिवशी मांस वर्ज्य, शिवाय शुक्रवारीही. मासे चालतात. युरोपातल्या खेड्यात मांस सोडून मासे खाणं म्हणजे खरंच काहीतरी सोडणं होतं. पण खाडीकाठच्या माणसाला बोंबील आणि सुकट खाऊन कसला आलाय त्याग? म्हणून इथल्या अनेक घरांत नियमाच्या पलीकडे जाऊन मासेही बंद ठेवतात. कोणी चाळीस दिवस दारूला शिवत नाही, कोणी चहात साखर घालत नाही, कोणी रात्रीची मालिका सोडतं. लग्नं शक्यतो पुढे ढकलली जातात. जिथे नियम ढिला आहे तिथे माणसांनी आपणहून तो घट्ट केला, हे मला या परंपरेतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

आणि एक गमतीदार पेच. राखेच्या बुधवारी मिस्सेत जो उतारा वाचतात, तो मत्तयच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायातला. दान, प्रार्थना आणि उपास लोकांना दाखवण्यासाठी करू नका, उपास करताना तोंड धुऊन प्रसन्न राहा, असं येशू त्यात सांगतो. हे ऐकून पाच-दहा मिनिटांत कपाळावर राख लागते! कोणी ती संध्याकाळपर्यंत तशीच ठेवतं, कोणी ऑफिसच्या दारात पुसतं. दोघांच्याही बाजूने बोलता येतं, आणि हा पेच चर्चने सोडवलेला नाही हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

याच अध्यायातल्या तीन गोष्टींवर धर्मग्रामाचं, म्हणजे पॅरिशचं, सगळं वेळापत्रक उभं राहतं. शुक्रवारी क्रुसाची वाट. चर्चच्या भिंतींवर चौदा चित्रं किंवा मूर्ती असतात, येशूला मृत्युदंड ठोठावला तिथपासून कबरीत ठेवेपर्यंत. त्यांची संख्या चौदा ठरली ती 1731 मध्ये, त्याआधी ती ठिकठिकाणी वेगळी होती. प्रत्येक चित्रापाशी थांबायचं, गुडघा टेकायचा, प्रार्थना करायची, गात पुढे जायचं. ज्यांना यरुशलेमला जाणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी फ्रान्सिस्कन संन्याशांनी जगभर पसरवलेली ही यात्रा. एका देवळाच्या चार भिंतींत यात्रा घडवण्याची कल्पना वारीच्या मुलखात कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

मुंबईच्या धर्मग्रामांत 1980 च्या दशकापासून शेजारपाजारच्या घरांचे छोटे ख्रिस्ती समूह आहेत. उपवासकाळात ते आळीपाळीने कोणाच्या तरी घरी जमतात आणि बायबल वाचतात. कबुलीजबाबासाठी रांगा लागतात. पिशवीत तांदूळ-डाळ जमते. भुकेल्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी कॅरिटास इंडियाची मोहीम याच दिवसांत चालते, सोडलेल्या साखरेचे, मांसाचे पैसे तिच्या पाकिटात जातात. पैसे वाचवायला केलेला उपास आणि भुकेल्याच्या ताटात वाढायला केलेला उपास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हा फरक ते पाकीट रोज आठवून देतं.

चर्च स्वतःही उपास करतं. वेदीवर फुलं नाहीत, वस्त्रं जांभळी, आलेलुया हा शब्द मिस्सेत एकदाही उच्चारायचा नाही. आज्ञा गुरुवारी बारा जणांचे पाय धुतले जातात. 2016 पासून त्यांत स्त्रियांनाही बसता येतं, पोप फ्रान्सिस यांनी तो नियम बदलला. त्या गुरुवारपासून घंटा मुक्या होतात. शुभ शुक्रवारी जगात कुठेच मिस्सा होत नाही. आणि शनिवारी रात्री अंधारात बाहेर नवा अग्नी पेटतो, त्यावरून एक मोठी मेणबत्ती लावतात, तिच्यावर चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात. तिच्यावरून हाताहातातल्या मेणबत्त्या पेटत जातात आणि चाळीस दिवस गिळून ठेवलेला आलेलुया अखेर गायला जातो. नव्या लोकांचा बाप्तिस्मा याच रात्री होतो. मुळात हा सगळा काळ त्यांच्याच तयारीसाठी सुरू झाला होता.

2027 साली राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला आहे आणि रमजानही त्याच आठवड्यात सुरू होण्याची चिन्हं आहेत. 2028 पासून ही जोडी पुन्हा बराच काळ सुटेल. मिस्सेतली पवित्र भाकर फक्त दीक्षित कॅथलिकांनाच मिळते, पण राख कोणालाही घेता येते, धर्म विचारला जात नाही. तेव्हा कुर्ल्याच्या आसपास असाल तर त्या बुधवारी होली क्रॉसमध्ये डोकवा, आणि तीच नवी कोर पाहायला संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा.