केबिनमधला डोळा

अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक ट्रकांना इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा झाला. इंजिनाला जोडलेलं हे यंत्र चाकं फिरली की नोंद घेतं. नियम जुनाच: १० तास विश्रांती, मग १४ तासांच्या आत फार तर ११ तास गाडी चालवायची. कागदी वहीत वेळ मागेपुढे करता यायची. आता गोदामात चार तास खोळंबा झाला तरी घड्याळ सहसा थांबत नाही, आणि मजुरी बहुतेकांना मैलावर मिळते.

पण या लॉगपेक्षा चालकांचा खरा राग आहे तो केबिनमध्ये त्यांच्या चेहऱ्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याचा. रस्त्याकडे पाहणारा कॅमेरा अनेकांना चालतो. अपघातात तो चालकाची बाजू सिद्ध करू शकतो. पण सीटमागेच बिछाना असतो. तिथेच कपडे बदलायचे, डबा खायचा, मुलांशी बोलायचं. ‘हे माझं घर आहे’ हा चालकांचा आक्षेप मला पूर्ण रास्त वाटतो.